दोन वर्षांचीच तर गोष्ट आहे

मागच्या महिन्यात या सदराचं पान उशिरा पोहोचलं, संपादकांना दोनदा फोन करावा लागला. तेव्हा "परीक्षेची गडबड" असं सांगून वेळ मारून नेली. खरं कारण आज सांगतो. घरात एक कागद आला होता आणि त्याने आमची झोप उडवली होती.

कागद नोकरीचा होता. मुलांचे अब्बू नांदेडला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम बघतात. रोज हदगावहून एसटीने जाऊन येऊन. पगार ३२ हजार. त्यांना सौदी अरेबियातल्या जुबैलहून बोलावणं आलं, दोन वर्षांचा करार. जुबैल म्हणजे समुद्रकाठचं औद्योगिक शहर. १९७५ साली सौदी सरकारने खास मंडळ नेमून ते उभारायला घेतलं. तेल, रसायनं, पोलाद, सगळं तिथे. पगार ४,५०० रियाल. राहायला तिघांत मिळून एक खोली कंपनीची. जेवण ज्याचं त्याने बघायचं. एकवीस दिवसांत हो की नाही कळवायचं.

यंदाचं साल कसं गेलं ते आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत नांदेड जिल्ह्यात सोयाबीन पाण्याखाली गेलं, आमचं दोन एकरही त्यातच. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, थोरली नववीत, धाकटा चौथीत. अशा वेळी ४,५०० रियाल हा आकडा वाचला की पहिल्यांदा त्याचे रुपये करावेसे वाटतात. आम्हीही केले. हजेरीपटाच्या जुन्या कागदामागे, एक रियाल म्हणजे साधारण साडेतेवीस रुपये धरून. एक लाख पाच हजार सातशे पन्नास. दोघंही जरा वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो.

"सगळेच जाऊ," हे म्हणाले. "दोन वर्षांचीच तर गोष्ट आहे."

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ते ऐकून आम्हाला आनंद झाला. लग्नाला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत आमचं असं चार माणसांचं घर कधी झालं नाही. सासूबाई, दीर, नणंदांचं येणं-जाणं, शेजारपाजार, यात कसली तक्रार नाही; पण स्वतःच्या हाताने कुलूप उघडावं आणि आत फक्त आपली माणसं असावीत, असं कधीतरी वाटतंच. शिवाय तिथे राहिलं तर उमरा. जुबैलहून मक्का बाराशे किलोमीटरहून जास्त आहे, जवळ मुळीच नाही. पण हदगावहून बघितलं तर तेही जवळच वाटतं.

मग हिशोब पुढे सरकला आणि आनंद मागे.

सौदीत कुटुंब घेऊन राहणाऱ्या परदेशी माणसाला प्रत्येक आश्रितामागे दरमहा फी भरावी लागते. जुलै २०१७ मध्ये ती १०० रियालने सुरू झाली, दरवर्षी १००ने वाढत २०२० मध्ये ४०० झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, वर्षाला १४,४००. रुपयांत सव्वातीन लाखांच्या वर. ही फी सुरू झाली तेव्हा किती घरांनी बायका-मुलांना परत पाठवलं ते आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलं आहे. त्यात कंपनीची तिघांची खोली कुटुंबाच्या उपयोगाची नाही; यांच्या तिथल्या मित्राने साध्या घराचं भाडं १,५०० रियाल सांगितलं. दोन्ही वजा केले तर हाती उरले ४२ हजार रुपये. त्यातून दोन मुलांची फी, किराणा, दवाखाना. आणि इकडे आमचा ७० हजारांचा पगार बंद. आज दोघांचे मिळून एक लाख दोन हजार घरात येतात. तिकडे सगळे गेलो तर परदेशात राहून आजच्यापेक्षा गरीब झालो असतो.

उलट हे एकटे गेले तर? जेवणखाण, फोन मिळून ६००-७०० रियाल जातील, बाकीचे घरी येतील, आमचा पगार चालूच. म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या वर. शेवटी कागदावरचा हिशोब माणसाला एकट्यालाच पाठवतो. आखातात इतके नवरे एकटे का, याचं उत्तर आम्हाला हजेरीपटाच्या मागे मिळालं.

"आपा, तुम्हीही तिथे शिकवा की," असं शाळेतल्या दोघीतिघी म्हणाल्या. बी.एड. आहे, उर्दू येते, मराठी येते. पण नवऱ्याच्या आश्रित म्हणून गेलेल्या बाईला तिथे तसंच उठून नोकरी धरता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. घरी गुपचूप शिकवण्या घेणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. परक्या देशात कायद्याबाहेरचं काम करायचं आणि रोज दाराच्या बेलला दचकायचं, हे आमच्याने व्हायचं नाही.

आता इथल्या नोकरीचं. दोन वर्षांची बिनपगारी रजा मागता येते, पण संस्थेने ती द्यायला हवी आणि वर मंजूर व्हायला हवी. मिळाली तरी वेतनवाढ पुढे सरकते. त्याहून मोठी धास्ती संच मान्यतेची. उर्दू शाळांचा पट कसा घसरतोय हे शिक्षक वाचकांना ठाऊक आहे. परत येऊ तेव्हा आपली जागा असेल की आपण अतिरिक्त ठरलेले असू, हे कोण सांगणार? त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ती परीक्षा पास व्हावी. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे, तरी पुस्तकं आणून ठेवलेली बरी. म्हणजे तीही दोन वर्षं आणि हीही दोन वर्षं! चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत बसलो आहोत, वाचकांनी दुआ करावी.

पण नोकरीपेक्षा मोठा प्रश्न थोरलीचा होता.

तिला डॉक्टर व्हायचं आहे. नांदेड-लातूरकडे राहणाऱ्या घरात हे स्वप्न काही नवं नाही. अर्धा महाराष्ट्र नीटसाठी मुलं आपल्याकडे पाठवतो. आता नियम बघा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी मुलाला अधिवास प्रमाणपत्र लागतंच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. सूट आहे ती बदलीवर बाहेर गेलेल्या सरकारी नोकरांच्या मुलांसारख्या काही जणांना. खासगी कंपनीत आखातात गेलेल्याच्या मुलीला नाही. म्हणजे थोरलीने दहावी जुबैलच्या भारतीय शाळेतून केली, तर शाळा सीबीएसईची, अभ्यासक्रम आपलाच, मार्क उत्तम, तरी राज्याच्या यादीतून ती बाहेर. दोन वर्षांच्या मुक्कामाने पुढच्या तीस वर्षांचा रस्ता वळतो. पूर्वी मराठवाड्याची मुलं ७०:३०च्या कोट्याने मार खात होती, तो २०२० मध्ये रद्द झाला तेव्हा आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आता आपल्याच हाताने मुलीला रांगेबाहेर काढायचं का?

हा नियम आम्हालाही माहीत नव्हता, शाळेत काम करूनसुद्धा. ज्यांच्या घरात आठवी-नववीचं मूल आहे आणि परदेशाचा विचार चालू आहे, त्यांनी तिकिटाआधी हा नियम वाचावा.

धाकट्याचं वेगळं. तो उर्दू माध्यमात, तिथे सगळं इंग्रजीत. चौथीचं मूल शिकून घेईल, मुलं घेतातच. पण परत आल्यावर? २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात प्रत्येक बोर्डाच्या शाळेत मराठी सक्तीची आहे. दोन वर्षं मराठी कानावर न पडलेलं मूल सहावीच्या वर्गात येऊन बसतं तेव्हा काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. आखातातून परतलेली अशी दोन मुलं आमच्याच वर्गात होती. हुशार, इंग्रजी फाडफाड, आणि मराठीच्या तासाला मान खाली. त्यातल्या एकाने पहिल्या चाचणीत वहीभर नुसतं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

सासूबाईंना हे सगळं आम्ही सांगितलं नव्हतं, पण भिंतींना कान असतात. एका संध्याकाळी ज्वारी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "जाव बेटा, मैं नई रोकती. दो साल कू तेरे चाचा बी गये थे."

चाचा म्हणजे यांचे धाकटे काका. १९८०च्या दशकात रियाधला गेले, दोन वर्षांसाठी. पहिली दोन वर्षं एजंटाचे पैसे फेडण्यात गेली. पुढची दोन बहिणीच्या लग्नात. मग घर बांधायला काढलं, मग घराला मजला चढवला, मग मुलाचं डोनेशन. परतले ते १९ वर्षांनी, साखरेचा आजार आणि पाठदुखी घेऊन. गल्लीतलं सगळ्यात उंच घर त्यांचं. त्या घरात चाचा बैठकीत झोपत, कारण आतल्या खोल्यांची वाटणी त्यांच्याशिवाय होऊन गेली होती. पोरं त्यांना "अब्बा" म्हणत, पण काही मागायचं झालं की आईकडे जात. चाची त्यांच्यासमोर पदर सावरून बसे, पाहुण्यासमोर बसावं तशी. याचा दोष कुणाला द्यायचा? त्यांनी एक दिवस स्वतःवर खर्च केला नाही. १९ वर्षांत एकदाही "आता एकोणीस वर्षं राहू" असं त्यांनी ठरवलं नव्हतं. दर वेळी दोनच वर्षांचं ठरवलं.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली एक रिवायत आपल्याला माहीत आहे. रात्री फिरताना नवऱ्यापासून दुरावलेल्या एका स्त्रीचे शब्द त्यांच्या कानावर पडले, आणि आपली लेक हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारून त्यांनी मोहिमेवरच्या सैनिकांना घरापासून किती महिने लांब ठेवायचं याची मर्यादा घातली. महिन्यांची मर्यादा, वर्षांची नव्हे. ही रिवायत आपल्या बयानात नेहमी येते. आखातातून सुट्टीवर आलेल्या जावयाचं स्वागत करताना मात्र ती कुणी काढत नाही.

कोकणातल्या लोकांची गोष्ट जरा निराळी. बी.एड.ला आमच्यासोबत खेड तालुक्यातली एक मैत्रीण होती. तिच्या गावात घरटी एक माणूस बाहेर. कोकणी मुसलमान पूर्वीपासून जहाजांवर, मुंबईच्या गोदीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे रत्नागिरीकडची माणसं थेट केपटाउनला जाऊन स्थायिक झाली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखात उघडलं, तेव्हा त्यांना वाट नवी नव्हती. तिला फोन केला तर तिने भावनेचा एक शब्द न बोलता यादी सांगितली. जाण्याआधी बँकेत जॉइंट खातं, यांचं साधं खातं अनिवासी करून घ्या, शेतीच्या कामासाठी मुखत्यारपत्र, घरपट्टी-विजेची बिलं कुठे आहेत ते बघून ठेवा, आणि पासपोर्टच्या झेरॉक्स तीन ठिकाणी. "बाईला व्यवहार माहीत असला की नवरा लांब असूनही घर चालतं," ती म्हणाली. आपल्या मराठवाड्यात ही वहिवाट नाही. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आपले डोळे हैदराबादकडे. अजूनही मेडिकल तपासणी असो की विमान, हदगावच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. पण हैदराबादचे लोक जितके सरावले तितके आपण सरावलो नाही. आपल्याकडे अजून माणूस "बाहर गया" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

आणि म्हणूनच एजंट फावतात. यांच्या नोकरीची बातमी फुटताच एक जण घरी आला, "सगळं करून देतो, ९० हजार द्या." परवाना क्रमांक विचारला तर चहा अर्धा टाकून उठला. वाचकांनी हे लिहून ठेवावं: परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, तो खरा आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येतं, आणि कामगाराकडून त्याला ३० हजार रुपये आणि वरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. सौदीसह १८ देशांत कामाला जाताना त्यांना आधी सरकारी मंजुरी लागते. लोकांना हा शिक्का अपमान वाटतो. तो खरं तर राखण आहे. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजना बंधनकारक आहे, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाखांचं संरक्षण. व्हिजिट व्हिसावर "आधी जा, मग काम लावतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा असाच गेला आणि सात महिने एका गोदामात लपून राहिला. आईने गळ्यातलं विकून तिकीट पाठवलं.

कागदपत्रांचा घोळ तर प्रत्येक घरात आहे. कुटुंबाच्या व्हिसासाठी काय लागतं ते बघायला म्हणून निकाहनामा काढला. उर्दूत, सुंदर अक्षर. पण तो पुरत नाही, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते आम्ही सतरा वर्षांत काढलंच नव्हतं! त्यात आमचं नाव निकाहनाम्यावर एक, सनदेवर दुसरं, आधारवर तिसरं. 'बेगम' कुठे आहे, कुठे नाही. हे वाचून हसू नका, उठून आपले कागद बघा. एक सोय मात्र झाली आहे. डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे डिग्रीवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल लागलं की वकिलातीच्या शिक्क्याची पूर्वीची वारी राहिली नाही.

इस्तिखारा केला. लोकांना वाटतं स्वप्नात हिरवं-पांढरं काही दिसतं. आम्हाला संच मान्यतेचा तक्ता दिसला. मग मशवरा केला, सगळ्यांना बसवून, मुलांनाही. थोरली म्हणाली, "अब्बू, तुम्ही माझ्यामुळे थांबू नका आणि माझ्यामुळे जाऊही नका." नववीची मुलगी असं बोलते तेव्हा तिच्याकडे दुसऱ्यांदा बघावं लागतं. धाकट्याने फक्त विचारलं की तिथे पाऊस पडतो का. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बीपीच्या गोळ्या यांच्या हातूनच घेतल्या जातात, आम्ही दिल्या तर "बाद में" म्हणून उशाशी ठेवतात, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

शेवटी ठरलं ते असं. हे एकटे जाणार. थोरलीची दहावी इथेच, आम्ही इथेच. पण आम्ही दोघांनी मिळून कंपनीला एक पत्र लिहिलं, त्यात तीन गोष्टी मागितल्या. सुट्टी दोन वर्षांच्या शेवटी साठवून नको, दर अकरा महिन्यांनी, तिकिटासह. तिथल्या कायद्याने वर्षाला किमान २१ दिवस पगारी रजा मिळतेच. दुसरं, इथल्या पत्रातला हुद्दा आणि पगार तोच तिथल्या सरकारी 'किवा' पोर्टलवरच्या करारात हवा, कारण विमानातून उतरल्यावर सुपरवायझरचा हेल्पर झालेली माणसं कमी नाहीत. २०२१च्या सुधारणांनंतर परदेशी कामगाराला वर्षभराने नोकरी बदलता येते, मालकाच्या मंजुरीशिवाय देशाबाहेर येता येतं, पण या सगळ्याला आधार कराराचाच. तिसरं, पुढच्या उन्हाळ्यात कुटुंबाला भेटीच्या व्हिसावर आणायला कंपनीने कागद द्यावा. नवऱ्याच्या नोकरीच्या पत्रात बायकोने मजकूर घातला म्हणून दीर हसले. हसू देत.

आणखी एक कागद आम्ही लिहिला, तो कंपनीला नाही. सोसायटीचं कर्ज, थोरलीची अकरावी-बारावी, घरावरचा गळका पत्रा. या तीनच गोष्टींसाठी जाणं. चौथी गोष्ट त्या यादीत घालायची असेल तर ती फोनवर ठरणार नाही, घरी येऊन, सगळ्यांसमोर ठरेल. दोघांच्या सह्या केल्या. सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी "चाचा के पास बी कागज होना था" एवढंच म्हटलं आणि अंगठ्याशेजारी सही केली. हो, त्यांना सही येते, साक्षरता वर्गात आम्हीच शिकवली आहे.

आमच्या चार माणसांच्या घराचं काय, असं एखादी वाचक विचारेल. वाईट वाटतं. परवा रात्री हे बोअरच्या मोटारीचा स्टार्टर कसा लावायचा ते दाखवत होते, कुठलं बटण आधी, फ्यूज गेला तर कुठली तार. आम्ही वहीत उतरवून घेत होतो, आणि मध्येच लिहिणं थांबलं. यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.

कंपनीचं उत्तर शुक्रवारी आलं. पहिल्या दोन गोष्टी मान्य, तिसरीबद्दल "रुजू झाल्यावर बघू". मेडिकलसाठी येत्या गुरुवारी हैदराबादला जायचं आहे, नांदेडहून रात्रीची गाडी. सासूबाईंनी डब्यात काय द्यायचं ते आत्तापासूनच विचारायला सुरुवात केली आहे.